खाऱ्या वाऱ्यातली जुनी जीप: चॅसीपासून हुडापर्यंत

जुनी जीप घरी आली की बघायला येणारा प्रत्येक जण बॉनेट उघडायला लावतो. इंजिन सुरू करायला सांगतो, धूर बघतो, आवाज ऐकतो. खाली वाकून चॅसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बघणारा विरळा. घाटावर हे एकवेळ चालून जाईल. कोकणात इंजिन शेवटपर्यंत साथ देतं आणि गाडी खालून संपते.

माझी गाडी १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४०. प्यूजोच्या बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. गाडीचं अर्धं आयुष्य आंब्याच्या पेट्या वाहण्यात आणि उरलेलं मांगराच्या छपराखाली उभं राहण्यात गेलं. ती पुन्हा रस्त्यावर आणायला मला चौदा महिने लागले. त्यातले पहिले चार चुकीच्या क्रमामुळे वाया गेले, म्हणून हा लेख क्रमानेच लिहितो. १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी असो की महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप, क्रम हाच ठेवा.

गाडी बघायला जाताना

सोबत एक लहान हातोडी, एक जाड पेचकस आणि टॉर्च न्या. गाडीखाली ताडपत्री टाकून आडवे व्हा आणि चॅसीच्या दोन्ही लांब्या पट्ट्या पुढून मागे हातोडीने ठोकत जा. माझ्यासोबत आलेले वेल्डरकाका म्हणाले होते, "आवाज ऐका आधी, मग पैशांचं बोलू." चांगलं लोखंड टणटण वाजतं. आत गंजून पापुद्रे सुटलेल्या जागी आवाज बसका येतो, आणि दोन ठोक्यांत आतून लाल भुगा खाली पडतो. माझ्या गाडीत असा बसका आवाज मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ, म्हणजे पाटा चॅसीला जोडणाऱ्या कडीजवळ आला. तिथे वरून काळा रंग चकचकीत होता. पेचकस टेकवला तर तो रंगातून, मग लांबीतून (भोकं बुजवायच्या लेपातून) थेट आत गेला. आधीच्या एका गॅरेजने चॅसीचं भोक चक्क लांबी भरून बुजवलं होतं. त्या जागेवर मागच्या पाट्याचा भार येतो. अशी गाडी पेट्या भरून कुंभार्ली घाट उतरताना काय करेल, हा विचार मी पुढे कित्येक दिवस करत होतो.

जिप्सीचा पत्रा पातळ असतो. तिथे पायाखालचा फ्लोअर, मागच्या चाकांच्या कमानी आणि काचेच्या फ्रेमचा खालचा कोपरा आधी बघा. चटई उचलायला मालक नाही म्हणाला तर गाडी सोडून द्या.

पुरातली गाडी ओळखणंही आपल्याकडे गरजेचं आहे. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात असंख्य गाड्या बुडाल्या आणि त्यातल्या बऱ्याच पुढे विकल्या गेल्या. डॅशबोर्डच्या मागे, हेडलाइटच्या वाटीत आणि सीटखालच्या कप्प्यांत हात घाला. बारीक, वाळलेला गाळ सापडला तर वायरिंग, बेअरिंग आणि गिअरबॉक्स यांचा खर्च आधीच धरा.

मग कागद. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष कोरलेल्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. या जीपमध्ये इंजिन बदललेलं असण्याची शक्यता खूप असते, आणि बदल आरसीवर चढवलेला नसेल तर ती अडचण तुमच्या गळ्यात पडते. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन नूतनीकरण करावं लागतं, आणि महाराष्ट्रात सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवून घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. मात्र ती मग रोजच्या वापराला चालत नाही. पेट्या वाहायच्या असतील तर त्या वाटेला जाऊ नका.

गणपतीची घाई नको

कोकणात प्रत्येक कामाची मुदत गणपती असते. मीही गणपतीला गाडी दारात उभी करायचीच म्हणून श्रावणात रंग मारला. ऊन पडलं होतं, पत्रा हाताला कोरडा लागत होता. दिवाळीपर्यंत दरवाजाच्या खालच्या कडेला आणि फ्लोअरवर मुगाएवढे फोड आले. एक फोड नखाने उचलला तर खाली पाण्याचा थेंब आणि त्याखाली ताजा गंज. प्रायमर मारताना लोखंडावर मिठाचा अंश राहिला होता. त्या मिठाने रंगातून ओलावा आत ओढून घेतला. सगळा रंग खरवडून पुन्हा सुरुवात केली.

तेव्हापासून माझं वेळापत्रक असं आहे. दसऱ्याला गाडी उलगडायला घ्यायची. वेल्डिंग नोव्हेंबरात. ब्लास्टिंग (दाबाने कण मारून लोखंड साफ करणं) आणि रंग डिसेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, दव उडाल्यावर. मार्च-एप्रिलमध्ये इंजिन, वायरिंग, हूड (वरचं कापडी छत) आणि सीटा. मेच्या मध्यापर्यंत खालच्या बाजूचं मेण मारून तयार. हवेतला ओलावा ज्या तापमानाला दव बनतो त्यापेक्षा लोखंड किमान तीन अंश गरम असेल तरच रंग मारायचा, हा कारखान्यांतला नियम घरच्या मांगरातही पाळा.

उलगडताना

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर तीन बाजूंनी फोटो घ्या. बोल्ट पिशव्यांत भरून त्यावर चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर फक्त "बोल्ट" लिहू नका, "डावा पुढचा फेंडर, चॅसीकडचे चार" असं लिहा. आठ महिन्यांनी हीच चिठ्ठी वाचायची असते.

गंजलेल्या नटाशी मारामारी करू नका. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन समसमान मिसळून आदल्या रात्री नटांवर सोडा. हे मिश्रण पेट घेतं, त्यामुळे गॅसची ज्योत आसपास असेल तिथे ते अजिबात नको. तेल लावलेल्या नटाला आच द्यायची तर आधी तो पुसून पूर्ण कोरडा होऊ द्या.

पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, ते ताणलेले असतात. त्याजागी स्टेनलेसचे बोल्ट घालायचा मोह इथे सगळ्यांना होतो, कारण ते गंजत नाहीत. पण बाजारात मिळणाऱ्या साध्या स्टेनलेसची ताकद पाटे, स्टीअरिंग आणि ब्रेक यांना पुरत नाही. शिवाय खाऱ्या ओलाव्यात स्टेनलेसला चिकटलेलं साधं लोखंड उलट लवकर गंजतं. या तीन ठिकाणी योग्य ग्रेडचे, जस्त चढवलेले हाय-टेन्साइल बोल्टच घ्या आणि आट्यांना ग्रीस लावून बसवा.

चॅसी: इथे हात आखडू नका

माझ्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त चॅसी आणि पत्र्यावर गेला. तो तसाच जायला हवा.

बॉडी उतरवल्यावर पहिलं काम धुण्याचं. प्रेशरच्या गोड्या पाण्याने चॅसी बाहेरून धुवा आणि प्रत्येक भोकातून नळी आत घालून आतूनही धुवा. माझ्या चॅसीतून पाऊण घमेलं लाल माती निघाली. त्यात जांभ्याची धूळ, किनाऱ्यावरच्या पुळणीची वाळू आणि गंजाचे पापुद्रे, सगळं एकत्र. हा लगदा पावसाळ्यानंतरही कितीतरी दिवस ओला राहतो आणि त्यातलं मीठ लोखंडाला आतून खात असतं. बंद पेटीसारखे भाग बाहेरून धड दिसतात आणि आतून जातात, ते यामुळेच. पाणी निथळेपर्यंत आणि निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत हे दोन-तीन वेळा करा.

मग सडका भाग कापा. गंजावर प्लेट चढवून वेल्डिंग करणं म्हणजे गंजाला घर बांधून देणं आहे. चकचकीत, पूर्ण जाडीचं लोखंड लागेपर्यंत कापत जा. नवी प्लेट चॅसीच्या जाडीचीच घ्या. जास्त जाड प्लेट लावली की ताण तिच्या कडेला जमतो आणि तिथे नवी चीर पडते. प्लेटची टोकं सरळ न ठेवता तिरकी किंवा हिऱ्याच्या आकाराची कापा, म्हणजे वेल्डिंगची रेघ चॅसीला आडवी जात नाही. बाहेरच्या पत्र्यासाठी सीओटू वेल्डिंग बरं, चॅसीला मुरलेल्या हाताचं आर्क वेल्डिंगही चालतं. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी आधी काढा. डिझेलची टाकी गाडीपासून लांब ठेवा, आणि रिकामी टाकी वेल्ड करायला कुणी निघालं तर त्याला थांबवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

कापण्याआधी आणि वेल्डिंगनंतर चॅसीचे कर्ण मोजा. पुढच्या डाव्या शॅकलच्या भोकापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही मापं सारखी नसतील तर गाडी पुढे आयुष्यभर एका बाजूला ओढत राहील.

ब्लास्टिंगला देण्याआधी चॅसी नंबरावर ग्रीस लावून त्यावर जाड रबर आणि टेप गुंडाळा. तो नंबर पुसट झाला तर परिवहन कार्यालयात पेन्सिलने छाप उमटणार नाही आणि गाडीच संशयाखाली येईल. ब्लास्टिंगसाठी कॉपर स्लॅग किंवा गार्नेट वापरणारा कारखाना शोधा. समुद्राची वाळू कधीच नको. तिच्यातलं मीठ थेट लोखंडात ठोकलं जातं, आणि वाळूची बारीक धूळ माणसाच्या फुप्फुसात बसते. ब्लास्टिंग झालेलं लोखंड इथल्या हवेत काही तासांत पिवळं पडतं, त्यामुळे प्रायमर त्याच दिवशी. मारण्याआधी पृष्ठभाग नीट न्याहाळा. काळपट ठिपके उमटत असतील तर मीठ अजून आत आहे. गोड्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा, पुन्हा हलकं ब्लास्टिंग करा. हे न बघण्याची चूक मी श्रावणात केली होती.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सी. नुसता रेडऑक्साइड खाऱ्या हवेत टिकत नाही. इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरा पडतो, म्हणून जिथे ऊन लागतं तिथे त्यावर पॉलियुरेथेनचा रंग हवाच. बंद भागांत, रंग पूर्ण वाळल्यावर, लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स किंवा लॅनोलिनचं (लोकरीतल्या मेणाचं) मिश्रण मारा. निचऱ्याची भोकं मात्र मोकळी ठेवा. जळकं इंजिन ऑइल मारायची पद्धत गावोगाव आहे. ते गंज थोडा थोपवतं, पण रबरी बुश फुगवतं आणि ठिबकून आगरातल्या मातीत आणि विहिरीत जातं. मी ते बंद केलं.

मच्छीमार होड्यांच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात, तशा गाडीला लावल्या तर, असं मला अनेकांनी विचारलं. त्या वड्या सतत पाण्यात बुडालेल्या असतात तेव्हाच काम करतात. हवेत उभ्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

पत्रा

एमएम ५४० चा पत्रा सपाट आहे, त्यामुळे फ्लोअर आणि साइडचे तुकडे स्थानिक फॅब्रिकेटरही वाकवून देतो. १८ गेज पुरतो. फ्लोअरला सळ्यांसारख्या उंचवट्याच्या रेघा दाबून घ्या, नाहीतर तो पत्रा ढोलासारखा वाजतो. जिथे पत्र्यावर पत्रा येतो त्या प्रत्येक सांध्यात आधी प्रायमर, मग वेल्डिंग, मग सीम सीलर (सांधा बंद करणारा लेप). लांबी शेवटी आणि कागदाइतकी. फ्लोअरवर जाड कार्पेट घालू नका, ते पावसात स्पंज होतं. सुटी रबरी चटई उचलून वाळवता येते.

ॲक्सल, ब्रेक, स्टीअरिंग

पुढच्या ॲक्सलच्या (चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना असलेला गोळा उघडा. आत कॉफीच्या रंगाचं पातळ ग्रीस असेल तर सील गेलंय आणि खाडीचं पाणी आत शिरलंय. सील, किंगपिनची (ज्यावर चाक वळतं त्या खिळीची) बेअरिंग आणि व्हील बेअरिंग एकदमच बदला. किंगपिनचा ताण शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी ठरतो. अंदाजाने शिम टाकले की ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरू लागतं आणि लोक उगाच टायर बॅलन्स करत बसतात. डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीला) ईपी ९० तेल ठीक. गिअरबॉक्सला मात्र जीएल-४ दर्जाचं घ्या, कारण जीएल-५ मधली काही रसायनं आतल्या पितळी रिंगांना सोसत नाहीत. ॲक्सलच्या ब्रीदरला (हवा ये-जा करायच्या तोंडाला) रबरी नळी जोडून ती इंजिनच्या उंचीपर्यंत आणा. गरम ॲक्सल व्हाळाच्या (ओढ्याच्या) थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. एवढ्याशा नळीने हजारोंची बेअरिंग वाचतात.

ब्रेकचे पाइप सगळे नवे. साधा तांब्याचा पाइप वळवायला सोपा म्हणून कुणी सुचवेल, पण तो थरथरून कडक होतो आणि तडकतो. लेप दिलेला स्टीलचा किंवा तांबं-निकेलचा घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, इथे तर भरपूर. दर दोन वर्षांनी बदला.

इंजिन

इथे थोडक्यात आवरतो, कारण याचे जाणकार चिपळूण-रत्नागिरीत आहेत, आणि बोरिंग किंवा लेथच्या कामाला कोल्हापूरचं उद्यमनगर आहेच. आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, मग इंजिन खोलायचं की नाही ते ठरवा. सकाळी सुरू व्हायला त्रास देणारं प्यूजो इंजिन कित्येकदा आतून धड असतं. एखादा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना तापणारी कांडी) मेलेला असतो किंवा डिझेलच्या जुन्या रबरी नळीतून हवा ओढली जात असते. दोन्ही तासाभरात तपासता येतं. रेडिएटर मात्र उघडून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घ्या, घाट चढताना त्याचीच परीक्षा असते.

वायरिंग

जुन्या वायरीचं टोक सोलून बघा. तांबं काळं किंवा हिरवं निघालं तर सगळं वायरिंग नवं करा. बोटींसाठी कथिलाचा मुलामा दिलेली वायर मिळते, ती मागवा. मिरकरवाडा किंवा हर्णैसारख्या बंदरांकडे चौकशी करायला हरकत नाही. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आक्रसणारी हीट श्रिंक नळी. इंजिन, चॅसी आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या नव्या, आणि त्यांच्या टेकण्याच्या जागेचा रंग खरवडून वर पेट्रोलियम जेली. हेडलाइटला रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा स्विच) लावा. मूळ रचनेत सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि वाटेतच कमी होतो. रिले लावल्या रात्री ६०/५५ वॉटच्याच बल्बचा उजेड मला नवा वाटला. १००/९० चे बल्ब बेकायदा आहेत आणि समोरच्याला आंधळं करतात.

हौस कुठे करायची

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. इंजिन किंवा चॅसी बदलायची तर आधी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्या. पुढच्या लोखंडी बुलबारला डिसेंबर २०१७ पासून केंद्राने मनाई केली आहे. अपघातात तो समोरच्या माणसाला जीवघेणा ठरतो, म्हणून मी माझा काढून भंगारात दिला.

टायर मूळ ६.००-१६ मापाचेच ठेवलेत. रुंद टायर दिसायला भारदस्त असतात, पण पॉवर स्टीअरिंग नसलेल्या जीपला ते जड जातात, ब्रेकवर भार टाकतात, आणि आपल्याकडच्या लाल चिखलात अरुंद टायर खालच्या कातळापर्यंत पोचून पकड घेतो. पाट्यांत जास्तीची पानं घालून गाडी उचलू नका. नवे बुश, ग्रीस आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर यांनीच गाडी मूळ उंचीला येते.

हौस करायची ती अशा ठिकाणी करा: कॅनव्हासचा दुहेरी शिवणीचा हूड, मागे पेट्या बांधायला कड्या, सीटखाली कुलपाचा खण, बॅटरीला मेन स्विच, आणि आंबोलीसारख्या घाटातल्या धुक्यासाठी खाली बसवलेले पिवळे दिवे. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) घेण्याआधी पुढेमागे चॅसीला धरणारे ओढण्याचे मजबूत हूक लावा.

फोर व्हील कधी वापरायचं हेही सांगतो. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळलात तर सांधे पिळवटतात. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर टाकून किलोमीटरभर चालवा, म्हणजे आतल्या सीलना तेल लागत राहतं. पुळणीवर गाडी घालू नका. किनाऱ्यावर गाड्यांना मनाई असते, वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत हिवाळ्यात कासवांची अंडी असतात, आणि भरतीचं पाणी चॅसीत शिरलं तर चौदा महिन्यांचं काम एका संध्याकाळी जातं.

पुढची निगा

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने आलात तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. जेटीच्या उतारावर चाकांनी उडवलेलं पाणी खारंच असतं. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलच्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन बघा. दुधाळ असेल तर लगेच बदला. पावसाळ्यात आठवड्याला डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा. कॅव्हिटी वॅक्स दर मे महिन्यात.

आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर गाडी सपाट जागी उभी करून चॅसीच्या निचऱ्याच्या प्रत्येक भोकाखाली एकेक पांढरं फडकं ठेवा. दुसऱ्या दिवशी फडक्यावर नुसता ओलावा असेल तर ठीक. एखाद्यावर तांबूस डाग दिसला तर त्या भोकाच्या वरच्या भागावर खडूने खूण करा, दसऱ्याला पहिलं काम तिथलं.